कुत्र्याचे कुत्र्याला

सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटात पावसाच्या तोंडावर एखाद्या कुत्र्याला फुरसे चावले आणि तो वेळेत पशुवैद्यकापर्यंत पोचला, तर त्याच्या शिरेत सोडले जाणारे औषध घोड्याच्या रक्तातून आलेले असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष थोडे थोडे टोचून घोड्याला प्रतिपिंडे तयार करायला लावायची, त्याच्या रक्तातून ती वेगळी काढायची, पेप्सिनने तोडून शुद्ध करायची आणि कुपीत भरायची, अशी ही जुनी रीत. कुपी बनते माणसासाठी. कुत्र्याला तिच्यातला वाटा मिळतो. तो जगला तर घोड्याचे उपकारच म्हणायचे. या उपकाराची मर्यादा जिथे सुरू होते, तिथेच आपला विषय सुरू होतो.

ती मर्यादा अशी. कुत्र्याच्या शरीराला घोड्याचे प्रथिन परके वाटते. एकदाच, जीव वाचवण्यापुरते दिले तर शरीर बहुधा ते सोसून घेते. पण तेच परत परत दिले, तर कुत्र्याचे शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे बनवू लागते. मग औषध रक्तात टिकत नाही, सांधे सुजतात, अंगावर गांधी उठतात, कधी इंजेक्शन देताच जनावर कोसळते. सर्पदंश एका दिवसाचा मामला असतो. कातडी खाजवून खाजवून रक्तबंबाळ करणारी ॲलर्जी, म्हातारपणाचा संधिवात किंवा लिम्फोमासारखा कर्करोग ही दुखणी महिनोन्‌महिने चालतात, आणि त्यांच्यावर दर महिन्याला टोचायचे प्रतिपिंड घोड्याचे, उंदराचे किंवा माणसाचे असून भागत नाही. ते कुत्र्याच्या शरीराला आपलेच वाटले पाहिजे.

असे प्रतिपिंड शोधण्याची आज हाताशी असलेली सर्वांत लवचीक रीत म्हणजे फाज डिस्प्ले. या विषयात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या पशुवैद्यकांसाठी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नुसत्या जिज्ञासू वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते पटते की नाही हे तुम्हाला तपासून पाहता येईल. या क्षेत्रात तंत्राची वानवा आता फारशी उरलेली नाही. वानवा आहे ती कुत्र्याविषयीच्या माहितीची, त्यातही आपल्याकडच्या कुत्र्याविषयीच्या माहितीची.

प्रतिपिंड म्हणजे काय, याची उजळणी थोडक्यात करू. रक्तातल्या बी पेशी ही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिने बनवतात. दोन जड साखळ्या, दोन हलक्या साखळ्या, वजन सुमारे दीड लाख डाल्टन. वायच्या दोन टोकांना जी जागा बदलती असते तिथे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडाने पकडायचा रेणू, चिकटतो, आणि खालचा दांडा शरीराच्या इतर पेशींना ‘याचा बंदोबस्त करा’ असा निरोप देतो. टोकाचा नेमकेपणा आणि दांड्याचा निरोप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवखा विद्यार्थी बहुधा टोकाच्या प्रेमात पडतो आणि दांड्याला विसरतो. औषध फसते ते पुष्कळदा दांड्यापाशी.

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची बी पेशी कर्कपेशीशी जोडून हायब्रिडोमा बनवला. एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या प्रयोगशाळा त्यावर उभ्या राहिल्या. पण त्या वाटेने कुत्र्याचे प्रतिपिंड मिळवणे अवघड होते, कारण कुत्र्याच्या बी पेशीशी नीट जुळणारा, संसार टिकवणारा कर्कपेशींचा जोडीदार मिळत नव्हता. म्हणून मधली वाट निघाली: प्रतिपिंड उंदरात शोधायचे आणि प्रतिजनाला चिकटणारे मोजके तुकडे वगळून बाकीचा सांगाडा कुत्र्याचा करून घ्यायचा. याला श्वानीकरण म्हणता येईल. खाजेचा निरोप पोचवणाऱ्या इंटरल्यूकिन-३१ या प्रथिनाला अडवणारे लोकिव्हेटमॅब याच वाटेने आले. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला सशर्त परवानगी मिळाली, युरोपात २०१७ मध्ये ते बाजारात आले. त्यानंतर सांधेदुखीसाठी बेडिनव्हेटमॅब आले. २०२३ मध्ये पार्व्होवर एकदाच टोचायच्या प्रतिपिंडाला अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. पार्व्होने पिल्लांचे अख्खे वेत संपताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शेवटच्या बातमीचे मोल वेगळे सांगायला नको.

श्वानीकरणाची वाट वाईट नाही, पण आडवळणाची आहे. आधी उंदीर, मग त्यातून कुत्रा. आणि सांगाडा बदलताना पकड सैल पडली तर पुन्हा दुरुस्ती. फाज डिस्प्लेमध्ये शोधाची सुरुवातच कुत्र्याच्या जनुकांपासून होते.

फाज म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू. आपल्या कामाचा एम-१३ हा फाज दोऱ्यासारखा असतो, लांबीला सुमारे नऊशे नॅनोमीटर आणि जाडीला जेमतेम सहा-सात. ई. कोलाय जिवाणूंमध्ये तो वाढतो, पण त्यांना फोडून मारत नाही. जिवाणू जगत राहतो आणि नवे फाज बाहेर पडत राहतात. या दोऱ्याच्या एका टोकाला पी-३ नावाच्या प्रथिनाच्या पाच प्रती असतात. १९८५ मध्ये मिझुरी विद्यापीठातल्या जॉर्ज स्मिथ यांनी पी-३च्या जनुकात एक परका तुकडा घुसवला आणि तो तुकडा फाजच्या टोकावर प्रथिनरूपाने दिसू लागला. १९९० मध्ये केंब्रिजमध्ये जॉन मॅककॅफर्टी, ग्रेगरी विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रतिपिंडाचा चिकटणारा भागच बसवला. जड आणि हलक्या साखळीची बदलती टोके एका लवचीक दुव्याने जोडलेला तो तुकडा, आपल्या बोलीत एससीएफव्ही, अख्ख्या प्रतिपिंडाच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. संधिवातावरच्या अडॅलिमुमॅबला २००२ मध्ये मान्यता मिळाली, तेही याच तंत्राच्या आधाराने बनलेले, आणि २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये स्मिथ आणि विंटर यांचा वाटा होता. इतिहास इतका पुरे.

तंत्राचे मर्म समजायला फोंडाघाटातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. इथे कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि भाताची निवड कशी करतात हे गावात पुष्कळांना ठाऊक असते. शेतात उभे राहून डोळ्यांनी लोंबी पारखायची, चांगली निवडायची, तिचेच दाणे पुढच्या हंगामात पेरायचे, पुन्हा पारखायचे. हे जमते कारण डोळ्यांना दिसणारा गुण आणि पेरायचे बी एकाच लोंबीत असते. फाजचेही तसेच. टोकावर प्रतिपिंडाचा तुकडा दिसतो आणि पोटात त्याच तुकड्याचे जनुक असते. वर जे चिकटले त्याचे बी आतच सापडते. फरक इतकाच की इथे हंगाम एका रात्रीत उरकतो आणि वाफ्यात कोट्यवधी वाण एकत्र उगवलेले असतात.

प्रत्यक्षात काम असे चालते. कुत्र्याच्या रक्तातून, प्लीहेतून किंवा लसिकाग्रंथीतून बी पेशींचा आरएनए काढतात. त्यावरून डीएनएची नक्कल करतात आणि जड-हलक्या साखळ्यांची बदलती टोके पीसीआरने वाढवतात. मग कोणतीही जड साखळी कोणत्याही हलक्या साखळीशी जोडून ते तुकडे फाजमिड नावाच्या वाहकात भरतात आणि विजेचा झटका देऊन जिवाणूंत शिरवतात. या तुकड्यांच्या संग्रहाचा, म्हणजे लायब्ररीचा, आकार ठरतो तो याच पायरीला. चांगल्या लायब्ररीत एक अब्ज किंवा त्याहून जास्त वेगवेगळे क्लोन असतात. मदतनीस फाज सोडला की जिवाणू रातोरात अंगावर प्रतिपिंड मिरवणारे फाज बाहेर टाकू लागतात. ज्या प्रतिजनासाठी प्रतिपिंड हवे तो प्लॅस्टिकच्या नळीला किंवा चुंबकी मण्यांना चिकटवून त्यावर हे फाज ओततात, न चिकटलेले धुऊन टाकतात, चिकटलेले आम्ल घालून सोडवतात आणि ताज्या जिवाणूंत पुन्हा वाढवतात. असे तीन-चार फेरे. शेवटी एकेक वसाहत वेगळी उचलून एलायझाने तपासतात आणि तिच्या जनुकाचा क्रम वाचतात.

हे वाचायला जितके सरळ वाटते तितके ते वागत नाही. फाज प्रतिजनाऐवजी प्लॅस्टिकलाच चिकटतात. दूध किंवा अल्ब्युमिन लावून झाकलेल्या जागेवरही काही महाभाग चिकटतात. ज्या क्लोनमधला प्रतिपिंडाचा तुकडा गळून पडला आहे तो ओझे नसल्याने वेगाने वाढतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात बाकीच्यांना मागे टाकतो. आकडे चढत जातात, विद्यार्थी खूश होतो, आणि क्रम वाचल्यावर कळते की निवड झाली ती भरभर वाढण्याची. चिकटण्याशी तिचा संबंध नव्हता. म्हणून प्रत्येक फेऱ्यात प्रतिजन नसलेली एक नळी शेजारी चालवावीच लागते. कंटाळवाणे काम आहे. पण या क्षेत्रात पुढे कोण टिकेल हे या रिकाम्या नळीकडे तो किती लक्ष देतो यावरून कळते, असे माझे मत आहे.

आता या तंत्राचा एक गुण, जो कुत्र्याच्या बाबतीत फार मोलाचा ठरतो. कुत्र्याला त्याचेच एखादे प्रथिन टोचून त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायला लावणे जवळपास अशक्य आहे. जी बी पेशी स्वतःच्या शरीरावर उलटू पाहते तिला शरीर लहानपणीच बाद करते. कर्करोगावर किंवा खाजेवर मात्र आपल्याला नेमके कुत्र्याच्याच प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड हवे असते. फाजच्या लायब्ररीत जड आणि हलक्या साखळ्यांच्या मूळ जोड्या मोडतात, नव्या जोड्या लागतात, आणि परीक्षानळीत आपले-परके ठरवायला कोणी बसलेले नसते. कुत्र्याच्या शरीराने कधी बनवलेच नसते असे, तरीही पूर्णपणे कुत्र्याच्या जनुकांचे प्रतिपिंड त्यातून हाती लागू शकते. नैसर्गिक जोडी मोडणे हा दोष आहे अशी तक्रार नेहमी होते. ती रास्त आहे, पण याच कामी हा दोष वरदान ठरतो.

इथून पुढे कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे आणि मोठा उंदीरही नव्हे, हे डोक्यात पक्के ठेवायला हवे. प्रतिपिंडाची हलकी साखळी कप्पा आणि लॅम्डा अशा दोन प्रकारची असते. उंदरात बहुतेक सगळी कप्पा, माणसात कप्पा थोडी जास्त, आणि कुत्र्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास लॅम्डा. उंदराच्या सवयीने कप्पावर भर देऊन कुत्र्याची लायब्ररी बांधली, तर खजिन्याचा मोठा भाग बाहेरच राहतो. जड साखळीची कथा निराळी: तिथे कुत्रा बहुतांशी जनुकांच्या एकाच कुटुंबावर काम भागवतो आणि विविधता आणतो ती मुख्यतः मधल्या जोडणीत. दांड्याचेही चार प्रकार आहेत, आयजीजी ए, बी, सी आणि डी. त्यांतला बी मारक पेशींना जोमाने बोलावतो, तर ए आणि डी त्या मानाने थंड. कर्कपेशी मारायची असेल तर दांडा एक, नुसते एखादे प्रथिन अडवायचे असेल तर दुसरा. माणसाच्या आयजीजी-१, २, ३, ४ यांच्याशी त्यांची सरळ जोडी लावायला जाऊ नका.

जनुकांची ही कुटुंबे नीट कळली ती कुत्र्याचा जिनोम वाचल्यामुळे. २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ती कुत्री होती ताशा नावाची बॉक्सर. एका जातिवंत कुत्रीचा क्रम म्हणजे सगळ्या कुत्र्यांचा क्रम नव्हे. जातिवंत कुत्री काही पिढ्यांच्या आखीव संकरातून आलेली असतात. गावोगावची मोकाट आणि गावठी कुत्री जनुकीयदृष्ट्या त्यांच्यापेक्षा जास्त विविध असतात, हे जगभरच्या गावठी कुत्र्यांच्या अभ्यासातून दिसले आहे. पीसीआरसाठी वापरायचे प्रायमर ताशासारख्या संदर्भ-क्रमांवरून आखले, तर गावठी कुत्र्यातले वेगळे जनुक हातून निसटू शकते. फोंड्याच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांभोवती घोटाळणारा, घाटातल्या रानात डुकरामागे धावणारा, गोचिडांनी भरलेला, सतरा संसर्ग पचवून उभा असलेला कुत्रा काय प्रतिपिंडे बाळगून असेल, हा मला या क्षेत्रातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो. वातानुकूलित खोलीत वाढलेल्या बीगलकडून त्याचे उत्तर येणार नाही.

कुत्र्याच्या लायब्ररीचे ठोस काम अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले आहे. निकोला मेसन आणि डॉन सीगल यांच्या गटांनी २०११ मध्ये कुत्र्याच्या एससीएफव्ही लायब्ररी बांधून तपासल्याचे प्रसिद्ध केले आणि २०२१ मध्ये सीटीएलए-४ या प्रथिनाला अडवणारे पूर्णपणे श्वानीय प्रतिपिंड त्याच तंत्राने मिळवल्याचे दाखवले. सीटीएलए-४ म्हणजे टी पेशींचा एक लगाम. माणसात तो सैल करून मेलानोमावर उपचार करतात. कुत्र्यांना हाडांचा कर्करोग, लिम्फोमा, मेलानोमा हे आजार आपोआप होतात, माणसासोबत एकाच घरात राहून होतात, म्हणून अशा औषधांचा कुत्र्यातला अनुभव माणसालाही उपयोगी पडतो. मात्र माणसाचे औषध उचलून कुत्र्याला देता येत नाही. लिम्फोमावर माणसाला दिले जाणारे रिटुक्सिमॅब कुत्र्याच्या बी पेशींवरच्या सीडी-२० या प्रथिनाला चिकटतच नाही. पकडायच्या जागेची घडण दोघांत वेगळी आहे.

याच विद्यापीठातला आणखी एक धडा आपल्या मुंबईशी जुळतो. आयआयटी मुंबईतल्या राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या साथीने बनवलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशींत बदल करून त्यांना कर्कपेशींवर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, हे मराठी वाचकांना माहीत आहे. कार-टी पेशीच्या अंगावर जो शोधक हात असतो तो एससीएफव्हीच असतो. नेक्सकारमध्ये तो उंदराचा होता तसा न ठेवता माणसाच्या वळणावर आणलेला आहे. हा खटाटोप कशासाठी, ते कुत्र्यांनीही दाखवून दिले. पेनसिल्व्हेनियात लिम्फोमाच्या कुत्र्यांवर कार-टी वापरून पाहिली तेव्हा शोधक हात उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतला होता, आणि त्या कुत्र्यांच्या रक्तात उंदराच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. घोड्याच्या सिरमची जुनी अडचण नव्या कपड्यांत पुन्हा दारात उभी राहिली.

उत्साहाला लगाम घालणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. अमेरिकेत कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी दोन प्रतिपिंडांना परवानगी मिळाली होती. पुढे त्यांनी अपेक्षा पुरी केली नाही. लक्ष्याला ती किती नेमकी चिकटतात हे कुत्र्याच्या पेशींवर आधीच कसून तपासणे किती आवश्यक आहे, ते त्यातून सगळ्यांना कळले. बेडिनव्हेटमॅबने अनेक म्हाताऱ्या कुत्र्यांना पुन्हा जिने चढायला लावले, पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुवैद्यकांना पत्र लिहून तोल जाणे, झटके येणे अशा नोंदवल्या गेलेल्या तक्रारींकडे लक्ष वेधले. तक्रार नोंदवली गेली म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, पण ‘शरीराचेच प्रथिन आहे, म्हणजे निर्धोकच’ हा भ्रम त्याने दूर व्हावा. ज्या निरोप्या प्रथिनाला आपण अडवतो ते शरीरात आणखी कुठे कामाला येते, हा प्रश्न प्रतिपिंड किती सुंदर चिकटते त्याच्या आधी विचारायचा असतो.

आपल्या भागातले मोठे उदाहरण रेबीजचे. कुत्रा चावल्यावर जखमेत सोडायचे इम्युनोग्लोब्युलिन वर्षानुवर्षे घोड्याचे होते. माणसाचे महाग आणि दुर्मिळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजविरोधी मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केले आणि २०१७ च्या सुमारास रॅबिशील्ड या नावाने ते भारतात मिळू लागले. ते फाज डिस्प्लेने शोधलेले नाही, माणसाची प्रतिपिंड-जनुके घातलेल्या उंदरांतून आले आहे. पण रेबीजवरच फोराव्हिरुमॅब हे प्रतिपिंड लस घेतलेल्या माणसांच्या बी पेशींतून बांधलेल्या फाज लायब्ररीतून निवडले गेले होते. म्हणजे वाटा दोन, मुक्काम तोच. त्यांतली फाजची वाट माणसाच्या बाबतीत मळलेली आहे आणि कुत्र्याच्या बाबतीत नाही.

इथे एक गैरसमज लगेच खोडून काढतो. कुत्र्याचा रेबीज थांबवायला कुत्र्याचे मोनोक्लोनल प्रतिपिंड नको, लस हवी. शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांतून शिकवण आणि संशयित कुत्र्यांवर लक्ष यांमुळे तिथे २०१७ नंतर काही वर्षे माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सिंधुदुर्गात कोणी मला विचारले की पैसा लशीवर घालू की प्रतिपिंडावर, तर मी डोळे मिटून लस म्हणेन. प्रतिपिंडाची गरज लागते ती निदानात: मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूत विषाणू आहे का, हे चमकणाऱ्या रंगाने दाखवणारी चाचणी मुळात प्रतिपिंडावरच चालते.

आणि निदान हेच मला कोकणापुरते या तंत्राचे पहिले काम वाटते. औषध बनवायला कोटी कोटी रुपये आणि वर्षे लागतात. निदानासाठी एक नेमका, स्वस्त, दर वेळी तसाच बनणारा चिकटणारा तुकडा पुरतो, आणि एससीएफव्ही ई. कोलायमध्येच बनवता येतो. उदाहरण लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे लेप्टोचे, घ्या. भातलावणीच्या चिखलात उतरणाऱ्या सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला लेप्टो काय ते सांगावे लागत नाही. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घरोघर पोचल्या आहेत. उंदीर, गुरे आणि कुत्रे लघवीतून हे जंतू पाण्यात सोडतात. कुत्रा आजारी दिसत नसतानाही सोडत राहतो. जंतूचे बाहेरचे कवच उपप्रकारागणिक बदलते, म्हणून एका उपप्रकाराचे प्रतिपिंड दुसऱ्याला ओळखत नाही. मात्र लिपएल-३२ नावाचे प्रथिन रोगकारक लेप्टोस्पायरांत जवळपास सारखे असते. त्याला पकडणारा तुकडा लायब्ररीतून निवडणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. कुत्र्याच्या लघवीतल्या क्षार-प्रथिनांच्या गोंधळात तो तुकडा टिकतो का, हे पाहणे त्याहून कठीण, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचे तेच. गोचिडांच्या आजारांनाही हीच रीत लागू पडते. माकडतापाने २०१६ पासून दोडामार्ग-बांदा पट्ट्यात जे दिवस दाखवले, त्यानंतर गोचिडाकडे दुर्लक्ष करायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

दुसरी गरज अगदी घरगुती, प्रयोगशाळेतली. माणसाच्या किंवा उंदराच्या रक्तातली कुठली पेशी कुठली, हे ओळखायला शेकडो प्रतिपिंडे विकत मिळतात. कुत्र्यासाठी यादी एकदम आखूड होते आणि माणसासाठी बनवलेली बरीचशी कुत्र्यावर चालत नाहीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, १८८६ पासून चालत आलेल्या त्या जुन्या आवारात, कुत्र्याच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली येतो तेव्हा ‘लिम्फोमा तर आहे, पण बी पेशींचा की टी पेशींचा’ या प्रश्नाला प्रतिपिंडच उत्तर देऊ शकते. औषधांची चर्चा वर्तमानपत्रात होते. या ओळख पटवणाऱ्या प्रतिपिंडांची होत नाही. पण संशोधन अडते ते इथे.

कुत्र्यावर प्रयोग, असे म्हणताच वाचकाच्या मनात जे येते त्याचेही उत्तर देतो. लायब्ररीसाठी निरोगी कुत्र्याला मारावे लागत नाही. रक्ताचा छोटा नमुना चालतो. प्लीहेत गाठ झाली म्हणून शस्त्रक्रियेत काढलेली प्लीहा एरवी फेकून दिली जाते, तिच्यातला निरोगी भाग पुष्कळदा पुरतो. एकदा लायब्ररी बनली की पुढच्या प्रतिजनासाठी नवे जनावर लागत नाही. तीच लायब्ररी शीतकपाटातून काढून पुन्हा वापरता येते. युरोपीय आयोगाच्या संदर्भ प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्रतिपिंडांसाठी जनावरांचा वापर बंद करून अशा तंत्रांकडे वळण्याची शिफारस केली ती याच आधाराने. अर्थात मालकाची लेखी संमती आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी हवीच, मग नमुना चमचाभर रक्ताचा का असेना.

या कामाला अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. पीसीआर, विजेचा झटका देणारे उपकरण, चांगला सेंट्रिफ्यूज, हलवणारा इनक्यूबेटर आणि उणे ऐंशी अंशांचे शीतकपाट यांवर पहिली लायब्ररी उभी राहू शकते. क्रम वाचायला बाहेर पाठवता येतात. भारतात फाज डिस्प्ले अजिबात नवखे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात विजय चौधरी यांच्या गटाने या तंत्रावर दीर्घकाळ काम केले आहे आणि तिथून शिकून बाहेर पडलेली माणसे आज अनेक ठिकाणी आहेत. पशुवैद्यक आणि फाजवाले एका टेबलाशी बसत नाहीत, ही अडचण आहे. पशुवैद्यकाला कुत्रा माहीत असतो, फाजवाल्याला जिवाणू. तुम्ही या दोघांपैकी ज्या बाजूचे असाल, त्याच्या पलीकडच्या बाजूची पुस्तके आधी उघडा.

नमुने गोळा करण्याची वेळ येईल तेव्हा एक सूचना. आरएनए उष्णतेत झपाट्याने नासतो, आणि मे महिन्यात कणकवलीहून घाट चढून कोल्हापूरपर्यंत जायचे तर बर्फावर भरवसा ठेवू नका. आरएनए टिकवणारा द्राव आधीच भरलेल्या नळ्या न्या. प्रत्येक कुत्र्याची वही ठेवा: वय अंदाजे किती, नर की मादी, लस कोणती आणि कधी, अंगावर गोचीड किती, रानात जातो का, मालकाचा आहे की बाजाराचा, यापूर्वी कधी घोड्याचे सिरम दिले होते का. क्रम वाचून यातले काहीही नंतर शोधता येत नाही, आणि एखादे विलक्षण प्रतिपिंड सापडले की सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. नोंदी मराठीत ठेवल्या तरी चालतील. फक्त गावाचे नाव तालुक्या-जिल्ह्यासह पूर्ण लिहा, कारण नुसते ‘फोंडा’ लिहिलेली नळी गोव्यातली की घाटाखालची, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.